कचऱ्याच्या थरातली झाडं

याश, ११ फेब्रुवारी २०२४

ऑक्टाव,

पहिल्या कागदावर सवयीने ‘प्रिय’ लिहिलं गेलं, म्हणून तो फाडला. हा दुसरा.

ईमेल मुद्दाम केला नाही. ईमेल तू पुसून टाकतोस आणि मग मिळालाच नाही म्हणतोस. हे पत्र सही घेऊनच तुझ्या हातात पडेल, आणि तुझ्या बुखारेस्टच्या ऑफिसातली ती लांब नखांची बाई पाठवणारीचं नाव मोठ्याने वाचेल. स्मारांदा बाल्कू. हो, पुन्हा बापाचंच आडनाव लावते. तुझं मी घटस्फोटाच्या कागदांबरोबर परत केलं.

सोबत एक फोटो आहे. आधी तो बघ.

बघितलास? ८ एप्रिल २०२१, सकाळी पावणेदहा, आपल्याच मोजणी ऑफिसच्या विमानातून काढलेला. आमच्या द्रागोइवा गावाचा वरचा उतार. बर्फ अजून वितळलेलं नाही. त्या पांढऱ्यावर पश्चिमेकडे पडलेल्या बारीक काळ्या रेघा दिसतात? त्या सावल्या आहेत, उभ्या झाडांच्या. मी तीन दिवस बसून मोजल्या. एकोणीसशे बारा भरल्या.

तुझ्या अहवालाप्रमाणे त्या दिवशी त्या उतारावर एकही झाड नव्हतं. ती सगळी माझ्या ताताने, खुद्द वनरक्षक असलेल्या माझ्या बापाने, आधीच तोडून विकली होती. तुझं वाक्य मला पाठ आहे: ‘सदर क्षेत्रातील वनाच्छादन एप्रिलपूर्वीच नष्ट झाल्याचे निर्विवादपणे दिसते.’ निर्विवादपणे! हा शब्द तू आपल्या स्वयंपाकघरात बसून लिहिलास, आणि मी तुला कॉफी करून दिली होती.

पुढचं तुला ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण लिहिताना मला बरं वाटतं. जुलैत वादळ आलं आणि तो अख्खा उतार आडवा झाला. ठेकेदाराने ओंडके ओढून नेले, मुळांसकट उलटलेले बुंधेही उचलून नेले. नोव्हेंबरात तुझा अहवाल आला तेव्हा जाऊन बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं. ताता एकच सांगत राहिला, झाडं वादळात पडली. कोर्टाने तुझा कागद वर धरला आणि विचारलं, एप्रिलमध्ये नव्हती, ती जुलैत पडली कशी? चौतीस वर्षं जंगल राखलेल्या माणसाची नोकरी गेली, दोन वर्षांची शिक्षा झाली. शिक्षा स्थगित म्हणून तुरुंगात गेला नाही, एवढंच. आणि तोडायच्या झाडावर नंबराची खूण उमटवायचा त्याचा हातोडा घेऊन गेले. वनरक्षकाचा हातोडा काढून घेतात म्हणजे काय, हे तुला मी सांगायला नको. आमच्या दरीत लोक त्या नंबरावरून माणूस ओळखतात. ताताचा ११४६.

मला हे आत्ता कसं सापडलं? ऑफिसने नवीन उड्डाणाशी ताडून बघायला जुनं काम पुन्हा काढायला सांगितलं. मी मोजणीतलं फालतू आपोआप वगळणारी तुझी गाळणी बंद करून ते चालवलं.

गेल्या रविवारी गावी जाऊन कातिंका आत्याला दाखवलं. आपण नक्की काय काम करतो हे तिला दहा वर्षांत कळलं नव्हतं. मी म्हटलं, “विमानातून लेझर खाली सोडतो, आत्या. तो ज्याला आपटतो त्याचा एक ठिपका आम्हाला परत मिळतो. पान, फांदी, दगड, माती. असे कोट्यवधी ठिपके. मग ते निवडायचे. ही जमीन, हे झाड, हा कचरा.”

“कचरा म्हणजे?”

“हवेत सुटे लटकणारे ठिपके. पक्षी, धुकं. ज्यांचा कशाशी संबंध लागत नाही ते.”

“मग आपली झाडं कुठे होती?”

“कचऱ्यात.”

आत्या बराच वेळ चष्मा पुसत बसली. मग म्हणाली, “म्हणजे त्या गाढवाला घेवडा निवडायला बसवलं, तर दाणे फेकून खडे शिजवले की!”

मला काय हवंय ते सांगते. पैसे नकोत. माफी तर मुळीच नको. मला तू हवा आहेस, पियात्रा न्याम्त्सच्या कोर्टात उभा, आणि हे सगळं स्वतःच्या तोंडाने सांगताना. ताताला त्याचा हातोडा परत हवा आहे. तो मी त्याला मिळवून देणार. त्या वाटेत तू आडवा पडलास तर तुझ्यावरून जाणार.

स्मारांदा

याश, ३ मार्च २०२४

ऑक्टाव,

तुझं उत्तर मिळालं. टाइप केलेल्या चार ओळी, खाली हुद्दा. ‘त्या काळच्या तंत्रज्ञानाच्या मर्यादा.’ ‘सूचिपर्णी वृक्ष बारमाही हिरवे असल्याचे सर्वमान्य गृहीतक.’ वा रे वा! वकिलाने लिहून दिलं की स्वतःच सुचलं?

मान्य, गृहीतक सर्वमान्य आहे. शहरातल्या कुणालाही विचार, सूचिपर्णी म्हटलं की तो हिवाळ्यातही हिरवाच म्हणेल. त्या उतारावरचं लार्च तेवढं वेगळं. आमच्याकडे त्याला झादा म्हणतात. शरदात पिवळं पडतं, सुया गाळतं आणि एप्रिल संपेपर्यंत वाळल्या काटक्यांसारखं उभं राहतं. लेझर त्या काटक्यांतून आरपार जातो. थोडे ठिपके शेंड्याला लागतात, ते हवेत लटकलेले दिसतात, आणि गाळणी त्यांना पक्षी समजते. दुसऱ्या कुणी ही चूक केली असती तर मी म्हटलं असतं, बिचारा, त्याला माहीत नसेल.

पण तुला माहीत नव्हतं?

२०१३ चा सप्टेंबर आठव. आमच्या गावात लग्नाच्या दुसऱ्या दिवशी जावई सासऱ्याच्या फाटकाशी झाड लावतो. ताताने तुझ्या हातात झादाचं रोप दिलं, तुझ्या खांद्याएवढं. तू ते लावलंस, नवीन बूट चिखलात बरबटले म्हणून कुरकुरलास. आणि फेब्रुवारीत आपण गावी गेलो, तेव्हा सकाळी मी खिडकीतून बघते तर तू फाटकाशी कुदळ घेऊन उभा!

“सासरेबुवा, झाड मेलं हो,” तू ओरडलास. “एक सुई शिल्लक नाही. उपटून टाकतो, कुणाला कळायच्या आत दुसरं लावू.”

ताता गोठ्यातून दुधाची बादली घेऊन येत होता. त्याने बादली खाली ठेवली. आधी त्याला वाटलं तू चेष्टा करतोयस. मग तो इतका हसला की त्याला कुंपणाला धरून उभं राहावं लागलं. “जावईबापू,” तो म्हणाला, “मे येऊ दे.”

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावाला कळलं. ताताच्या पोटात काही राहत नाही, त्यातून इंजिनेर जावयाची फजिती! मग दर ईस्टरला पोस्टमन नेकुलाइ, फादर, दुकानवाली, जो भेटेल तो एकच विचारायचा: “काय इंजिनेर, झाड मेलं का?” सगळे खो खो हसायचे. तूही हसायचास. पण तुझा जबडा तेव्हा कसा आवळलेला असायचा, ते मी शेजारी बसून बघितलंय. घरी परतताना गाडीत तू दोन तास बोलायचा नाहीस.

म्हणजे उभ्या रुमानियात झादा हिवाळ्यात उघडं पडतं हे ज्याला जन्मभर विसरता येणार नव्हतं, तो एक माणूस तू होतास. आणि तू म्हणतोस, सर्वमान्य गृहीतक.

आता दुसरी गोष्ट. तू जाताना तुझा संगणक ऑफिसला परत केलास. त्यात तुझं जुनं फोल्डर होतं, त्यात एक फाईल. तारीख २० जानेवारी २०२२, ताताच्या सुनावणीच्या तीन आठवडे आधीची. उघडली तर द्रागोइवाचा वरचा उतार, गाळणी बंद केलेला, कचऱ्याचा थर वर घेतलेला, आणि त्यात ताताची सगळी झाडं कंगव्याच्या दातांसारखी उभी. फाईलचं नाव तू ठेवलं होतंस ‘झादा’.

तू तपासलंस. तुला सापडलं. फाईल बंद करून तू जेवायला घरी आलास, आणि मी रडत होते तर माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणालास, “पुरावा पुरावा असतो, स्मारांदा. म्हाताऱ्याची वाईट संगत असणार.”

एप्रिलमधली ती चूक असेल, ती मी सोडून देते. जानेवारीतलं सोडणार नाही. पूर्ण जिल्ह्याच्या मोजणीचं काम तुझ्या त्या एका अहवालावर उभं होतं, आणि त्या कामावर तुझी बुखारेस्टची खुर्ची. हे एक कारण झालं. पण मला वाटतं, त्याच्या खाली दुसरंही होतं. सात वर्षं तुला हसणारा माणूस अचानक तुझ्या मुठीत सापडला. तू त्या हसण्याचं उट्टं काढलंस. मी तुला चांगली ओळखते, कारण आता मीही त्याच जातीची झाले आहे.

स्मारांदा

द्रागोइवा, ७ मे २०२४

ऑक्टाव,

ईस्टरच्या सोमवारी तू इथे फोन केलास. मी नसेन असं तुला वाटलं असणार. फोन आत्याने उचलला, आणि मी तिच्या शेजारीच घेवडा सोलत बसले होते. आत्या बहिरी होत चालली आहे, त्यामुळे तिचा फोन सगळ्या घराला ऐकू जातो.

“आत्या, ख्रिस्त उठला,” तू ईस्टरचं अभिवादन केलंस. काय गोड आवाज.

“उठला बाबा, खरंच उठला. तू कुठे पडला होतास तीन वर्षं?”

मग तू तिला समजावलंस. तू एक पत्र देशील. नवीन तंत्रज्ञानामुळे जुन्या निष्कर्षांवर ‘वेगळा प्रकाश’ पडला आहे, असं. मग ताताची शिक्षा रद्द होईल, पेन्शन सुरू होईल, सगळ्यांचं भलं. फक्त स्मारांदाने ती फाईल विसरावी. “ती तुमचं ऐकेल, आत्या. तुम्ही शहाण्या आहात.”

आत्या म्हणाली, “मी शहाणी असते तर लग्नात तुझ्या ताटात दोन दोन सारमाले वाढले असते का?” आणि फोन ठेवला. मग मला म्हणाली, “विचार कर हो. ऐंशीच्या घरात आलाय माझा भाऊ.” सदुसष्ट वर्षांचा आहे तो, पण आत्याला हिशेब मोठा करून सांगायची खोड आहे.

मी विचार केला, अगदी रात्र होईस्तोवर केला. आणि माझं उत्तर नाही असं आहे.

का, ते ऐक. तुझ्या पत्रात ताता निर्दोष ठरेल आणि तूही निर्दोष ठरशील. चूक तंत्रज्ञानाची, म्हणजे कुणाचीच नाही. लोक म्हणतील, बाल्कू नशिबाने सुटला. सुटला! चोर सुटतात. आणि दुसरं, जे मला उघड सांगायला लाज वाटत नाही: तुझं काहीच बिघडणार नसेल, तर मला नुसत्या न्यायात रस नाही. मी तीन वर्षं दात आवळून झोपते आहे. डॉक्टर म्हणाला, दाढा झिजल्या आहेत.

ताता बरा आहे. जेवतो, गाय बघतो, उताराकडे पाठ करून बसतो. पूर्वी ईस्टरला कोट घालून हातोड्याची पेटी उघडायचा आणि चकाकेपर्यंत पुसायचा. आता ती पेटी रिकामी आहे, तरी पुसतो. काल जेवताना रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी ईस्टरची लाल अंडी एकमेकांवर आपटली. माझ्या अंड्यावर कुणी आपटलं नाही. आत्याच्या ते उशिरा लक्षात आलं.

फाटकाशी तुझं झाड आता छपराच्या वर गेलं आहे. या आठवड्यात हिरवंगार झालंय. येता जाता मी तोंड फिरवते.

स्मारांदा

याश, २० जून २०२४

ऑक्टाव,

आलास एकदाचा मूळ स्वभावावर. या वेळी टाइप केलेलं नाही, स्वतःच्या अक्षरात लिहिलंस. आणि सोबत तो एक कागद.

तो कागद मला ओळखता येणार नाही असं वाटलं की काय? तपासणीचा तक्ता, ३० एप्रिल २०२१. द्रागोइवा, वरचा उतार. ‘वर्गीकरण तपासले, योग्य आहे.’ खाली माझी आद्याक्षरं. तू लिहितोस: ‘मी बुडालो तर तू माझ्या पायाला बांधलेली आहेस. तुझ्या बापाला हे माहीत आहे का?’

नाही, ताताला ते माहीत नव्हतं. आतापर्यंत मी ते तुलाही लिहिलं नव्हतं. चार महिने ‘तुझी गाळणी, तुझा अहवाल’ असं लिहीत राहिले. तू पकडलंस. आता मीच सगळं लिहिते, म्हणजे तुझ्या हातात काही उरणार नाही.

तो गुड फ्रायडे होता. चारची बस होती, मांडीवर ईस्टरच्या गोड पावाचा, कोझोनाकचा डबा होता, आणि ऑफिसात आपण दोघंच उरलो होतो. त्या तुकड्यावर कचऱ्याचा थर राखाडी ढगासारखा दाट दिसत होता. मी विचारलं, “इथे एवढा कचरा कसा?” तू खांद्यावरून बघून म्हणालास, “धुकं असेल. चल, बस चुकेल.” मी त्या दिवसाचे फोटो उघडून बघायला हवे होते. एक मिनिटाचं काम. आकाश काचेसारखं स्वच्छ होतं, सावल्या तिथेच होत्या. मी सही केली. तो माझ्या बापाचा उतार होता, लहानपणी त्याच्या खांद्यावर बसून मी तिथे फिरले होते, आणि मी बस पकडली.

पण याहून वाईट पुढे आहे. तेही घे.

नोव्हेंबरात अहवाल आला तेव्हा मला तो राखाडी ढग आठवला होता. मी परत जाऊन तपासू शकत होते. त्याऐवजी गावी गेले. ताता चुलीत लाकूड घालत होता. मी दार लावलं आणि म्हणाले, “ताता, किती विकलीस? मला खरं सांग, मी कुणाला सांगणार नाही.”

त्याने हातातलं लाकूड खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं. मग कोट घालून बाहेर गेला, आणि त्या दिवसापासून तो माझ्याशी बोललेला नाही. एक शब्द नाही. मी समोर बसलेली असते आणि तो म्हणतो, “कातिंका, स्मारांदाला सांग सूप निवतंय.” कोर्टाने त्याला चोर म्हटलं तेव्हा तो घरी येऊन नीट जेवला. मी म्हटलं तेव्हा जेवला नाही.

तर ऑक्टाव, तू मला घाबरवतोस कशाने? माझी सही दाखवून? सोमवारीच मी पियात्रा न्याम्त्सला जाऊन फेरसुनावणीचा अर्ज दिला. कच्ची फाईल, सावल्यांचे फोटो, तुझी ‘झादा’, आणि सगळ्यात वर तो तपासणीचा तक्ता. मूळ प्रत माझ्याकडेच होती. तू पाठवलास ती नक्कल होती.

अर्ज घेणाऱ्या कारकुनाने दोनदा विचारलं, “बाई, हे तुमच्याच विरुद्ध आहे, समजतंय ना?”

मी म्हटलं, “समजतंय. शिक्का मारा.”

तू लिहितोस मी तुझ्या पायाला बांधलेली आहे. बरोबर. पण दोरीची गाठ माझ्या हातात आहे आणि मी उडी मारली आहे.

स्मारांदा

द्रागोइवा, १७ नोव्हेंबर २०२४

ऑक्टाव,

कोर्टात तू माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीस, म्हणून तुला काय काय दिसलं नाही ते कळवते. माझ्या दृष्टीने तो गेल्या तीन वर्षांतला सर्वांत सुंदर दिवस होता, आणि तो तू अर्धवट बघावास हे मला पटत नाही.

तुझा वकील चांगला होता. सूचिपर्णी, गृहीतक, मर्यादा, सगळं व्यवस्थित मांडलं. न्यायाधीश बाई मान डोलवत होत्या. मग त्यांनी तुला विचारलं, “ही फाईल तुमची?”

“संगणक अनेक जण वापरत होते.”

“आणि हे नाव, ‘झादा’?”

“आठवत नाही. कदाचित आपोआप पडलं असेल.”

तेव्हा मागच्या बाकावरून तो आवाज आला. नेकुलाइ. द्रागोइवाहून दोन गाड्या भरून लोक आले होते, हे तू मान वळवून बघितलंच नाहीस. नेकुलाइ हळूच म्हणाला, अगदी ईस्टरला म्हणायचा तसं: “काय इंजिनेर, झाड मेलं का?”

सगळं गाव हसलं. फादरसुद्धा, दाढीत. आत्याला ऐकू आलं नव्हतं, तिने “काय म्हणाला, काय म्हणाला?” असं ओरडून विचारलं, तसे सगळे पुन्हा हसले. न्यायाधीश बाईंनी टेबल आपटलं. आणि मग, देव त्यांचं भलं करो, त्यांनी विचारलं, “यात हसण्यासारखं काय आहे? कुणीतरी मला सांगेल का?”

ताता उठला. त्याचा तो तपकिरी कोट, ज्याचं वरचं बटण आता लागत नाही. तो म्हणाला, “बाईसाहेब, यात कायद्याचं काही नाही. या माणसाने माझ्या फाटकाशी झादा लावलं होतं. फेब्रुवारीत ते मेलं म्हणून कुदळ घेऊन उपटायला निघाला. मी हसलो. गाव हसलं. बस्स.” मग तुझ्याकडे बोट केलं. “त्याला माहीत होतं, एवढंच. माझ्याहून जास्त माहीत होतं. मी त्याला सात वर्षं विसरू दिलं नाही. ते माझं चुकलंच.”

तुझा चेहरा तेव्हा मी बघितला. कान लाल, ओठ पांढरे, जबडा आवळलेला. गाडीतला तो चेहरा. मी तो डोळे भरून बघितला. वकिलाने तुझ्या बाहीला हात लावला आणि तू झटकलास.

त्यानंतर बाईंनी माझं नाव घेतलं. तक्ता वाचून दाखवला, तारीख, आद्याक्षरं. “ही सही तुमची?” मी हो म्हटलं. “आपल्या वडिलांच्या विभागाची तपासणी आपणच केलीत आणि थर उघडलाच नाहीत?” मी पुन्हा हो म्हटलं. ताताकडे बघायची मला हिंमत झाली नाही. आत्या नंतर म्हणाली, तो टोपी हातात गोल फिरवत खाली बघत होता.

निकाल तुला कळलाच आहे. ताता निर्दोष. तुझा परवाना रद्द, आणि पुरावा दडपल्याचा खटला आता तुझ्यावर. माझा परवाना तीन वर्षं बंद. ऑफिसने मला त्याच संध्याकाळी कळवलं की उद्यापासून येऊ नका. मी आत्याच्या खोलीत राहते. वसंतात उतारावर नवीन रोपं लावायची आहेत, ती मोजायचं काम मिळेल असं फादर म्हणतात.

पश्चात्ताप? हसू येतं. ती सही माझ्या हातून पुन्हा झाली तर हात तोडेन. तुला ओढून खाली आणलं ते मात्र पुन्हा करायला सांगितलं तर उद्या सकाळी करेन, नाश्त्याआधी.

गाडीत ताता पुढे बसला होता. आत्याला म्हणाला, “तिला विचार, भूक लागली का.”

स्मारांदा

द्रागोइवा, ८ एप्रिल २०२५

ऑक्टाव,

हे शेवटचं. तुझा वकील लिहितो, पत्रं पाठवणं बंद करा. करते, पण एवढं वाचून घे. तारीख मी निवडली नाही, खात्याने निवडली, त्यांच्या ती लक्षातही नव्हती. चार वर्षांपूर्वी याच दिवशी आपलं विमान इथून गेलं होतं.

आज सकाळी खात्याचे दोघे आले. कापडी पिशवी, तिला शिशाचं सील. ताताने सही केली, सील तोडलं आणि हातोडा बाहेर काढला. ११४६. मग आकड्यावर तोंडाची वाफ सोडली आणि बाहीने पुसला. वयामुळे नोकरी परत नाही, पण उताराची राखण त्याच्याकडे दिली आहे, आणि झाडाला खूण करायचा हक्क. त्या दोघांनी एक एक ग्लास रॅकिऊ घेतला आणि गेले.

ताता फाटकाशी उभा राहिला. हातात हातोडा, समोर तुझं झाड. उघडं, करडं, एक सुई नाही. मी धावत गेले. हे मी चार महिने मनात ठरवून ठेवलं होतं, ऑक्टाव. रोपं मोजताना, कपडे धुताना हेच घोळवत होते. मी म्हटलं, “ताता, याच्यावर खूण कर. पहिली खूण याच्यावर. करवत मी आणते, मी तोडते. बुंध्याची एक चकती कापून बुखारेस्टला पाठवायची आहे मला.”

मला उत्तराची अपेक्षा नव्हती. आत्या खिडकीत होती, तिला सांगेल असं वाटलं.

त्याने झाडाकडे खालपासून शेंड्यापर्यंत बघितलं. मग माझ्याकडे. तसं त्याने माझ्याकडे त्या चुलीच्या दिवसानंतर बघितलं नव्हतं. हातोडा कोटाच्या खिशात टाकला.

“मे येऊ दे,” तो म्हणाला.

मला. आत्याला नाही, मला, तोंडावर. तीन वर्षं आणि पाच महिन्यांनी. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला, जड आणि खरखरीत, आणि गाय सोडायला गेला. आत झाकण पडल्याचा आवाज आला, म्हणजे आत्याने बघितलं होतं. मी तिथेच फाटकाला धरून बसले आणि मोठमोठ्याने रडले. नेकुलाइ टपाल घेऊन आला होता, तो रस्त्यावरूनच परत गेला.

तर झाड राहणार. तुझं म्हणून नाही. गावात त्याला आता कुणी इंजिनेरचं झाड म्हणत नाही.

या पाकिटात एक काटकी आहे, त्याच झाडाची. नीट बघ. वाळलेली वाटते, पण नखाने खरवडलीस तर आत ओली आहे. डिंक बोटांना लागेल, साबणाने जात नाही. आता तू विचार करशील, म्हातारा मऊ पडला, पोरगी रडली, म्हणजे आपल्यालाही वर्षा-दोन वर्षांत फाटक उघडेल. मी तुला ओळखते, तू तसाच विचार करशील. म्हणून स्पष्ट लिहिते.

मे येऊ दे, हे या वेळी तो मला म्हणाला, ऑक्टाव. तुला नाही.

स्मारांदा बाल्कू